जगदेवभाऊचा वशिला

धुई अशी दाट उतरली होती की म्हशीचं तोंड कोणतं नि शेपूट कोणतं, हे सरकीच्या ढेपेचं घमेलं पुढं सरकवल्यावरच कळावं. रिठदचा जगदेव घमेलं ठेवून वळतो तोच धुईतून मोटारसायकल आली. रिसोडचा रऊफ टेलर, कानाला मफलर गुंडाळून.

"जगदेवभाऊ, वहिनीचा नंबर लागला म्हनते. मुंबईले न जाता, वाशीमलेच. माह्या बदरुन्निसालेबी छातीत गाठ हाय. तुमी लावून द्या ना."

आत चुलीपुढं जगदेवच्या बायकोचा, प्रयागबाईचा, भाकर थापायचा आवाज थांबला.

नंबर लावणं हीच जगदेवची उभ्या जन्माची कमाई. कोणाचं घरकुल आलं, कोणाचा पोरगा वसतिगृहात लागला, की गाव म्हणे, जगदेवभाऊनं लावला. निम्मे नंबर आपोआपच लागलेले असत. जगदेव फक्त नाही म्हणत नसे.

पण प्रयागबाईच्या गाठीनं त्याला उघडं पाडलं होतं. वाशीमच्या डॉक्टरीणबाईनं नीट समजावलं होतं: एक नवं इंजेक्शन तपासून पाहतोय, त्याला ट्रायल म्हणतात. निम्म्या बायांना नेहमीचं औषध, निम्म्यांना त्याच्या जोडीला हे नवं. कोणाला काय, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. नको असेल तर नाही म्हणा, उपचार थांबणार नाही.

जगदेवनं यातला एकच शब्द उचलला, चिठ्ठी.

"कॉम्प्युटरवर कोन बसते?"

"कोणीच नाही. आपोआप निघतं."

"बटन तं कोनी दाबत असंन?"

"मीच दाबते. पण काय निघेल ते मलाही माहीत नसतं."

एवढी शिकलेली बाई नि तिच्या हाती काहीच नाही, याचं जगदेवला वाईट वाटलं. त्यानं तुरीची डाळ नेली, ती परत आली. रिसोडच्या पुढाऱ्याला फोन लावला, तर पुढारी म्हणाला, "हे कोनत्या खात्यात येते ते सांग, मंग पाहू."

"माही गाठ हाय का घरकुल?" प्रयागबाई म्हणाली, नि ट्रायलच्या कागदावर सही तिनंच केली.

बटन दाबलं. निघालं नेहमीचं औषध.

येताना जीपमध्ये जगदेव म्हणाला, "फशीवलं आपल्याले."

"नवं चांगलंच हाय हे त्याइले माहीत असतं, तं तपासत कायले बसले असते?" ती म्हणाली. पण जीपचा दांडा तिनं गाव येईस्तोवर सोडला नाही.

आता हा रऊफ दारात. खरं सांगावं, की बाबा, तिथं वशिला चालत नाही? मग रऊफ जाईल कशाला? वशिल्याशिवाय आपल्याला कोण हात लावते, असं म्हणत त्यानं बायकोला चार महिने घरात ठेवलं होतं.

"उद्याच घेऊन जाय तिले," जगदेव म्हणाला. "माहं नाव सांगजो."

"तपासतीन?"

"नाव सांगतलं का तपासतेच."

"काही न्याव लागंन?"

"जुने कागद असले तं ने. डाळ नोको नेऊ."

"ट्रायलमंदी घेतीन ना? नवं औषध भेटंन?"

"घेतीन का नाई, ते तपासून सांगतीन. नवं-जुनं मी सांगत नाई. ते वरतून ठरते."

रऊफनं मान वर करून धुईकडं पाहिलं. "ते तं हायेच भाऊ. अल्लाची मर्जी."

गाडी धुईत शिरली. प्रयागबाई पिठाच्या हातानं दारात आली.

"तुमचं नाव सांगून काय होते तिथं?"

"काही नाई होत."

"मंग?"

"गेला तं पाह्यजे ना तो."

ती परत चुलीकडं वळली. सोमवारी तिची स्वतःची औषधाची सलाईन होती, नि त्या दिवशी नाव सांगायला हाच सोबत येणार होता.

तिकडं म्हशीनं घमेलं उलटं केलं होतं. जगदेव शिव्या देत खाली बसला नि मातीतली ढेप मुठीमुठीनं गोळा करू लागला.