दाजींचं न पाहिलेलं गाव

स्वतःची गाडी नसताना, ती घ्यायची इच्छा नसताना आणि स्टिअरिंगला हात लावला तरी तळव्यांना घाम फुटत असताना, जो माणूस जागेपणी आणि झोपेतही फक्त गाड्या कुठे लावाव्यात याचाच विचार करतो, असा माणूस या पृथ्वीवर एकच आहे आणि तो माझ्या मावसबहिणीचा नवरा आहे. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. जन्माने ते सातारा जिल्ह्यातले, अठरा वर्षं झाली बहारीनमध्ये राहतात. पण मनाने ते कित्येक वर्षं अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या गावात राहत होते. ते गाव त्यांनी कधीही पाहिलेलं नव्हतं.

दाजी ड्राफ्ट्समन आहेत. बहारीनच्या सीफ भागात, एका काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे. तिथे अमेरिकेतल्या रस्त्यांची ड्रॉइंगं तयार होतात. तिकडचे इंजिनिअर संध्याकाळी नकाशावर लाल रेघोट्या मारून घरी जातात, रात्रभर ते झोपलेले असताना दाजी इकडे त्या रेघोट्या सरळ करतात आणि सकाळी ते उठेपर्यंत स्वच्छ ड्रॉइंग त्यांच्या पुढ्यात हजर असतं. सहा वर्षं दाजींच्या वाट्याला एकच गाव आलं होतं. त्याची मेन स्ट्रीट, लायब्ररी, बँक, तीन चर्च, आणि या सगळ्यांच्या मध्ये, मागे, बाजूला पार्किंग. "आमच्याकडे माणसापेक्षा गाडीची सोय जास्त," असं दाजी म्हणत. 'आमच्याकडे' म्हणजे सातारा नव्हे हे कळायला मला दोन महिने लागले होते. "आमच्याकडे लायब्ररीसमोर परत खोदलंय," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मी आपला पाइपलाइन फुटली का म्हणून काळजीने विचारलं होतं.

मी सीफमध्येच एका हॉटेलात मेन्टेनन्सला आहे. त्यामुळे रोज सकाळी ते राहतात त्या गुदैबियातून दाजींना माझ्या गाडीत घेऊन जाण्याचं काम माझ्याकडे. गाडीत बसण्याआधी ते एक फेरी मारत. गाडी रेषेत आहे का, मागचं चाक फुटपाथवर चढलंय का, हे पाहत आणि मग दार उघडून मार्क सांगत. दहापैकी सहाच्या वर मला कधी मिळाले नाहीत. गाडीत बसल्यावर ते हळू आवाजात बोलत. का, तर आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे तिकडे मध्यरात्र, लोक झोपलेले असणार. एका जुलैत सिग्नलला उभे होतो. बाहेर अशी हवा की डांबर मऊ पडावं, माझा एसी नुसता कण्हत होता, आणि दाजी शेजारी बसून कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "या वर्षी बर्फ ढकलायचा कुठं, तेच कळंना." लायब्ररीमागच्या पार्किंगमध्ये बर्फाचे ढीग लावायला जागा उरली नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती, आणि चेहऱ्यावर खरीखुरी थंडीची काळजी होती.

अमेरिकेत एका गाडीला नऊ फूट रुंद आणि अठरा फूट लांब जागा धरतात. दाजींच्या डोक्यात हे माप इतकं मुरलं होतं की ते सगळं जग गाड्यांत मोजत. त्यांच्या फ्लॅटचा हॉल 'सव्वा गाडीचा'. मंडळाच्या गणपतीला घेतलेला हॉल 'चाळीस गाड्यांचा, पण खांब मधे आल्यानं छत्तीस'. एकदा माझी आई इकडे आली होती. ताईच्या, म्हणजे मावसबहिणीच्या घरी तिचं माहेरपण झालं, पुरणपोळी झाली, आणि जेवताना दाजी आईला म्हणाले, "मावशी, तुमचं गावाकडचं अंगण आठ गाड्यांचं आहे बघा. नीट आखलं तर नऊ." आईने ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "तू जेव. ते असंच बोलतात." त्यांची मुलगी तेव्हा अकरावीत होती, तिने मान वर न करता इंग्रजीत सांगितलं की बाबांशी या विषयावर वाद घालू नये, आम्ही घालत नाही.

त्यांच्या इमारतीला लागून एक मोकळा वाळूचा प्लॉट आहे. तिथे आसपासचे सगळे लोक हव्या तशा गाड्या लावत. कुणी आडवी, कुणी तिरपी, मागची गाडी अडकली की पुढच्याच्या काचेवरचा नंबर बघून फोन, मग तो लुंगीवर खाली येणार, तोपर्यंत हॉर्न. दाजी हे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून वर्षानुवर्षं बघत होते आणि आतल्या आत झिजत होते. एका ईदला निम्मे लोक बाहेरगावी गेले आणि प्लॉट रिकामा झाला. दाजी पहाटे उठले, ताईने दिवाळीसाठी साताऱ्याहून आणलेली पांढऱ्या रांगोळीची पिशवी घेतली, सुतळी घेतली, आणि ऊन वर यायच्या आत अख्खा प्लॉट आखून मोकळे झाले. बाण काढले, यायचा रस्ता, जायचा रस्ता, सगळं. आणि नवल म्हणजे लोकांनी त्याप्रमाणे गाड्या लावल्या! पेशावरकडचा एक टॅक्सीवाला तर दोनदा मागेपुढे करून रेषेच्या बरोबर मध्ये गाडी आणून खाली उतरला आणि लांबून बघत उभा राहिला. जिथे बावीस गाड्या मावत नव्हत्या तिथे एकतिसांची सोय झाली. दुपारी प्लॉटचे मालक आले, एक वयस्कर बहारीनी गृहस्थ. ते बराच वेळ रांगोळीकडे बघत राहिले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "सब अच्छा है. मेरा दरवाजा किधर है?" दाजींनी त्यांच्या शेजारच्या घराच्या मागच्या फाटकासमोर दोन गाड्यांची जागा आखली होती. खिडकीतून ते फाटक दिसतच नव्हतं. दाजी खाली गेले, माफी मागितली, पायाने रांगोळी पुसली. मालक म्हणाले, "मफी मुश्किल," म्हणजे काही हरकत नाही, आणि हसत निघून गेले. पण दाजी दोन दिवस त्या खिडकीकडे फिरकले नाहीत. ताईला रांगोळी गेल्याचं दुःख होतं, यांना फाटकाचं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "लायब्ररीसमोरचं क्रॉसिंग काढायचंय."

मला वाटलं नवीन काम आलं. म्हटलं, "वा, काढा की."

"काढायचं म्हणजे पुसायचं, शहाण्या," दाजी म्हणाले. "आखायचं नव्हे."

हकीकत अशी होती. लायब्ररीच्या समोर रस्त्यापलीकडे एक वृद्धांचं निवासस्थान होतं. मधल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून तिथली माणसं पुस्तकं आणायला जात. शेजारच्या दुकानदारांना गिऱ्हाइकांसाठी गाड्यांची जागा हवी होती, म्हणून पट्टे पुसून तिथे सहा जागा आखायचा हुकूम आला होता. दाजींनी एरवी निमूटपणे आखल्या असत्या. पण सर्व्हेच्या फोटोंमध्ये त्यांना एक म्हातारा दिसला. चार पायांचा वॉकर घेतलेला, डोक्यावर लाल टोपी. एका फोटोत तो या कडेला होता, दुसऱ्यात मध्यावर, तिसऱ्यात पलीकडे. फोटोंवरची वेळ बघून दाजींनी हिशेब केला, त्याला रस्ता ओलांडायला एक्केचाळीस सेकंद लागले होते. क्रॉसिंग गेलं तर पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन परत यायला त्याला किती वेळ लागेल, हेही त्यांनी काढलं. तो आकडा त्यांनी मला सांगितला नाही. नुसतं म्हणाले, "तो जायचाच बंद होईल."

त्यांनी मॅनेजरला सांगून पाहिलं. मॅनेजर केरळचे, माणूस वाईट नव्हे. ते म्हणाले, "आपको किसने पूछा? क्लायंट ने बोला निकालो, तो निकालो. खलास." दाजींनी सांगितल्याप्रमाणे एक ड्रॉइंग केलं. मग घरी न जाता त्याच गावाचं दुसरं ड्रॉइंग केलं. त्यात क्रॉसिंग ठेवलं, दुकानांसमोरची माल उतरवायची जागा बँकेच्या मागच्या गल्लीत नेली आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत चार गाड्या बसवल्या. आणि मॅनेजरला न विचारता दोन्ही ड्रॉइंगं थेट त्या गावाचं काम बघणाऱ्या अमेरिकेतल्या इंजिनिअरबाईंना पाठवून दिली. खाली तीन ओळी लिहिल्या की फोटोतल्या वॉकरवाल्या गृहस्थांकडे कृपया पाहावे.

दुसऱ्या दिवशी त्यांना वॉर्निंग लेटर मिळालं. कॉन्ट्रॅक्टची मुदत दोन महिन्यांनी संपत होती. मुलीची बारावी होती. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, तर ताई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती मागे न वळता म्हणाली, "कुठल्या तिकडच्या म्हाताऱ्यासाठी हे आपलं इथलं बिऱ्हाड उठवायला निघालेत. विचार त्यांना, व्हिसा गेला तर पोरगीची परीक्षा कुठं द्यायची?"

दाजी म्हणाले, "चुकलं माझं."

"मग लिहा तसं साहेबाला."

"विचारायला पाहिजे होतं, तेवढं चुकलं. ड्रॉइंग चुकलं नाही." हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला वाटलं, ते पुन्हा तिकडच्या लोकांची झोप मोडू नये म्हणून जपताहेत.

तीन आठवडे काहीच उत्तर आलं नाही. मग कळलं की त्या इंजिनिअरबाई दुसऱ्या कुठल्या कामासाठी या बाजूला येताहेत आणि एक दिवस बहारीनच्या ऑफिसातही येणार आहेत. दाजींनी ड्रॉवरमधल्या आपल्या वस्तू, म्हणजे एक स्केल, एक डबा आणि बामची बाटली, आदल्या दिवशीच घरी आणून ठेवल्या. बाई आल्या. उंच, पांढरे केस आखूड कापलेले, पायात चालायचे बूट. सगळ्यांशी हात मिळवून झाल्यावर त्यांनी विचारलं की वॉकरवाल्या गृहस्थांना कुणी पाहिलं? दाजी उभे राहिले. बाई म्हणाल्या की गावच्या सभेत त्यांनी दोन्ही ड्रॉइंगं भिंतीवर लावली होती, भरपूर आरडाओरडा झाला, दुकानदार अजूनही रागावलेले आहेत, पण क्रॉसिंग राहिलं. मॅनेजर मंद हसले. वॉर्निंग लेटर मात्र त्यांनी फाइलमधून काढलं नाही. ते अजूनही तिथे असेल. कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहिलं.

संध्याकाळी बाईंना दाजी राहतात तो भाग बघायचा होता. दाजींना घाम फुटला. त्यांनी मला सोबत घेतलं. गुदैबियात शिरलो तेव्हा मगरीबची, म्हणजे दिवेलागणीची नमाज होऊन गेली होती. गल्लीत नेहमीची गर्दी होती. ड्युटीवरून आलेली माणसं गरम रोट्या कागदात गुंडाळून नेत होती, कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या दारात पोरं आइस्क्रीम खात उभी होती, बायका भाजी घेऊन चालल्या होत्या, आणि फुटपाथवर चढवलेल्या गाड्यांमधून सगळे सरळ रस्त्यावर उतरून चालत होते. दाजी प्रत्येक गाडीपाशी थांबून इंग्रजीत माफी मागत होते, जणू त्या सगळ्या त्यांनीच तिथे लावल्या होत्या. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या माणसं बघत होत्या. इकडचा दाट दुधाचा करक चहा हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आमच्या गावात एवढी माणसं रस्त्यावर पायी दिसतात ती वर्षातून एकदा, मिरवणुकीच्या दिवशी."

दाजींना वाटलं आपल्याला इंग्रजी नीट समजलं नाही. त्यांनी मला विचारून खात्री केली. मग बाईंना म्हणाले, "मी तिथे एवढे फुटपाथ काढलेत. दहा फुटी. झाडं लावलीत."

"सुंदर झालेत," बाई म्हणाल्या. "पण रिकामेच असतात."

दाजींनी चहा संपवला. कप चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग म्हणाले, "आणि ते गृहस्थ?"

बाई खरं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं की त्यांना तो माणूस कोण ते माहीत नाही, पण गेल्यावर चौकशी करतील. महिन्याभराने त्यांचा ईमेल आला. सोबत नव्याने रंगवलेल्या क्रॉसिंगचा फोटो होता. पांढरे पट्टे ताजे, झाडांना पालवी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्हाताऱ्याबद्दल एक शब्दही नव्हता आणि दाजींनीही परत विचारलं नाही. तो फोटो त्यांनी मला सिग्नलवर मोठा करून दाखवला, कोपऱ्यांत बोटाने सरकवत सरकवत बराच वेळ बघत राहिले, तेव्हा मागच्या गाडीने हॉर्न दिला.

गेल्या वर्षी त्या गावाचं काम संपलं. तिकडच्यांनी पुढचं काम दुसऱ्या कुणाला दिलं म्हणतात. एका रविवारी, म्हणजे इकडच्या आठवड्याच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, दाजी ऑफिसात गेले, कॉम्प्युटर चालू केला, तर तो फोल्डर उघडेना. प्रिंट घरी न्यायची परवानगी कधीच नव्हती आणि दाजी नियम दोनदा मोडणारे नव्हेत. आता ते इथल्याच हिद्द भागातल्या गोदामांच्या ड्रेनेज लाइनी काढतात. काम बरं आहे म्हणतात. माझ्या गाडीला परवा आठ मार्क मिळाले, आणि मला बरं वाटण्याऐवजी कसंसंच झालं.

त्या रविवारी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. ताईने आमटी वाढली, तेव्हा त्यांनी फोल्डरचं सांगितलं. मी म्हटलं, "दाजी, त्यात काय एवढं? मोबाईलवर नकाशा उघडला की तुमचं गाव दिसेल. रस्ते, दुकानं, सगळं. हवं तेव्हा बघा."

मुलीनेही फोन पुढे केला. दाजींनी तो हातात घेतला नाही. ताटातला भात एका कडेला नीट सारून घेत ते म्हणाले, "बघायला काय. पाहुणाही बघतो."