धोंडूबाईंचा दोन दिवसांचा मुक्काम

नारपोलीतल्या धोंडूबाईंनी कापड विणायचे लूम विकून टाकले आणि रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये चार खोल्या काढल्या. नर्सिंग शिकणाऱ्या आठ मुली तिथे राहायला आल्या. पहिल्याच दिवशी बाईंनी भिंतीवर अकरा नियम चिकटवले. तिखट बोलायच्या, पण एखादी पोर तापली की पेजेचं पातेलं घेऊन हजर. त्यामुळे आपल्याकडे पोरी सुखात आहेत, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

मार्चमध्ये मोखाड्याच्या करिष्माने त्या कागदाशेजारी दुसरा कागद लावला.

"काय गो हे? वाच," बाई म्हणाल्या. चष्मा घरी राहिला होता.

करिष्माने घसा खाकरला. "मालकिणीसाठी नियम. एक, न्हाणीघराला आतून कडी हवी. दोन, दार वाजवल्याशिवाय खोलीत येऊ नये. तीन, पत्र्याखाली उकाड्याचा बंदोबस्त करावा. चार, तक्रार केल्यावर 'आमच्या वेळी' असं म्हणू नये."

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती!" बाई कडाडल्या. आठही जणींनी ओठ दाबून धरले.

"मग दोन दिवस राहून बघा ना, मावशी. माझ्या खोलीतली जोडीदारीण शनिवार-रविवार गावी जाणार आहे, तिची खाट रिकामीच असेल."

"राहीन की! मी काय घाबरते?"

शनिवारी उशी काखोटीला मारून बाई खरंच आल्या. रविवारी सकाळी आंघोळीला गेल्या, तर दाराला कडीच्या जागी सुतळी. एका हाताने सुतळी ओढायची, दुसऱ्याने तांब्या धरायचा. मग साबण लावायचा कुणी?

"करिष्मा, दार धर गो!"

"धरते, मावशी. आम्ही रोज आळीपाळीने धरतो," ती दाराला पाठ टेकून म्हणाली.

दुपारी पत्रा तापला, पंखा गरम वारा फेकू लागला. बाई पदर बाजूला सारून, पाय पसरून पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या. तेवढ्यात शेजारची चंद्रा त्यांना शोधत आली आणि धाडकन दार ढकलून आत शिरली.

"अगो चंद्रे! दार वाजवायची काय रीत हाय का न्हाय?"

खोलीत हशा पिकला. आपण काय बोललो हे बाईंच्या जरा उशिराच ध्यानात आलं. मग त्यांनीही पदर तोंडाला लावला आणि पोट धरून हसल्या.

कडी त्याच संध्याकाळी बसली. पत्र्याखाली छत घालायला मात्र मे उजाडला. त्यासाठी पोरींना रोज भुणभुण करावी लागली.

पुढे करिष्माला कल्याणला नोकरी लागली. खोली बघायला ती निघाली, तर धोंडूबाई आधीच रिक्षात जाऊन बसल्या होत्या. तिथले घरमालक मुलीची चौकशी करू लागले, तसं बाईंनी त्यांना थांबवलं.

"पोर चांगलीच हाय, दादा. तुमी आधी ती खिडकी उघडून दाखवा."