अल्क्योनी, जे मी ठेवलं नाही

माझ्या भाचीचं नाव तिच्या बापाने ठरवलं होतं, आणि ते मी ठेवलं नाही. वीस वर्षं आमच्या घरात त्याचा दोष आईवर होता. तो माझा आहे.

दादा तेव्हा बोटीवर. ग्रीसच्या एका बंदरातून त्याने मला पत्र पाठवलं, कारण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नाव अल्क्योनी. वाऱ्यांच्या राजाची मुलगी. तिचा नवरा वादळात बुडतो, ती त्याच्यामागे समुद्रात उडी घेते, आणि देव दोघांना खंड्या पक्षी करतात. ती अंडी उबवते तेवढे दिवस तिचा बाप वारा कोंडून ठेवतो, समुद्र निपचित. ग्रीक लोक या नावात 'समुद्र' आणि 'गर्भ धरणं' शोधत. अभ्यासक म्हणतात, ही फोड मागाहून जुळवलेली. शब्द बहुधा ग्रीकांच्याही आधीचा. खाली दादाने लिहिलं होतं, 'मला तिच्यासाठी ते शांत दिवस हवेत.'

बारशाच्या सकाळी घुगऱ्या शिजत होत्या. मी हौसेने हे सगळं बायकांना सांगितलं.

"काय गो, नवरा बुडालेल्या बाईचं नाव? नि पोरीचा बाप दर्यावर?" काकी म्हणाली.

"हजेरी घेताना मास्तरांची कवळी पडेल!" शेजारीण म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

आईने मला बाजूला घेतलं. "त्याने कळवलंय ना? मग तेच ठेव."

पाळण्यावर वाकले. पाठीत धपाटे पडत होते. 'कुर्र' केलं आणि एक साधं, पोथीतलं नाव सांगून मोकळी झाले. अपशकुनाला नाही भ्याले. हसण्याला भ्याले. दादाचा फोन आला तेव्हा म्हटलं, "आईने ऐकलंच नाही रे." आई शेजारीच उभी होती. माझ्याकडे बघत राहिली, बोलली नाही. वहिनीलाही मी तेच सांगितलं. आई जाईपर्यंत दादा तिच्याशी कामापुरतंच बोलला.

गेल्या महिन्यात भाची दापोलीहून कॉलेजच्या सुट्टीला आली. जेवताना म्हणाली, "बाबा, पदवीच्या आधी गॅझेटमध्ये नाव बदलून घेते. तुम्ही ठरवलेलं."

"तुझ्या आजीने मोडता घातला तेव्हा. आता तिच्या माघारी कशाला?"

"आईने नाही, दादा," मी म्हटलं. "मी."

त्याचा घास हातातच राहिला. "आई गेल्यावर सांगतेस?"

"हो. ती असताना हिंमत नव्हती. आता आहे."

काकीचा फोन आला. "झाकली मूठ होती, कशाला उघडलीस?" मुठीत आई होती, म्हणून उघडली. आणि नाव अपशकुनी कसलं? गोष्ट बुडण्यापाशी संपत नाही. तिच्या अंड्यांसाठी समुद्र थांबतो.

दादा बोलत नाही. न बोलो. हा अबोला पहिल्यापासून माझाच होता.

काल भाची अर्ज घेऊन आली. बदलाचं कारण, या रकान्यापाशी अडली होती. "आत्या, काय लिहू?"

"खरं ते लिही. आत्याने ठरलेलं नाव सांगितलं नाही. कोणी विचारलं तर माझा नंबर दे."