जिन्याखालचा काळोख

शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत मी लॅपटॉपवर खुनाच्या एका जुन्या कृष्णधवल सिनेमाची खराब झालेली चित्रं साफ करत होतो. तो सिनेमा नव्याने डिस्कवर यायचा होता. जिन्याखाली दडलेला खुनी मी नुकताच उजळ केला होता. शेजारची म्हातारी पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळत, सोडत होती. ती एकदम लॅपटॉपकडे वाकली.

"ह्यो मी म्हशाच्या जत्रंत बघितलाय, तंबूत. तवा तिथं कोन हाय ते दिसत नाय व्हतं. घरी जाताना आमी सारखं मागं बघत व्हतो." मग नाक मुरडून म्हणाली, "आता नुसता मानूस उभा हाय रे."

फाट्यावर ती उतरून गेली.

मी तो कोपरा पुन्हा काळा केला. मुरबाड येईपर्यंत दोनदा मागच्या सीटकडे वळून पाहिलं.