निळीची रेघ

ती घटना मी विसरलेलो नाही, कारण तिच्यातला खरा गुन्हा माझ्या हातून घडला. एका निरपराध चित्रकाराच्या उजव्या हातावर मी रूळ मारला.

भाषेप्रमाणे राज्यांची नव्यानं रचना झाली, त्या सुमाराची गोष्ट. मी बेंगळुरूच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. एका बंगलेवाल्या गृहस्थांनी फिर्याद दिली की, त्यांनी स्वतः काढलेलं तैलचित्र चोरीला गेलंय. बेळ्ळंदूरचं तळं, काठावर मेंढरं, घोंगडी पांघरलेला धनगर. ते प्रदर्शनात लागायचं होतं.

दोन दिवसांत खबऱ्यानं बातमी आणली. चित्र पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, एका पाट्या रंगवणाऱ्याच्या घरी भिंतीवर होतं. पंचनामा करून मी ते जप्त केलं आणि त्याला ठाण्यात आणलं. इथल्या जुन्या मराठी घरांतला माणूस.

"साहेब, चित्र माझंच. त्यांनी बघायला म्हणून नेलं, माझं नाव खरवडून आपलं घातलं. म्हणून परत आणलं."

"पाट्या रंगवणारा तू. तू हे काढलंस?"

"पाट्यांवर पोट भरतं. स्वल्प हौस पण असते की."

मला ते उलट उत्तर वाटलं. रूळ त्याच्या बोटांवर बसला.

तिसऱ्या दिवशी ठाण्याचं नाव नव्यानं रंगवायला दुसरा एक रंगारी आला. त्यानं निळीत बुडवलेल्या दोरीचं एक टोक शिपायाला धरायला दिलं, दोरी ताणली आणि भिंतीवर फटकन मारली. सरळ निळी रेघ उमटली. मी तडक मुद्देमालाच्या खोलीतून चित्र काढलं. तळ्याच्या पल्याडच्या काठाखाली, पातळ रंगातून, तशीच रेघ दिसत होती. बाजूला निळीचे बारीक शिंतोडे.

बंगलेवाल्यांना बोलावलं. त्यांना खुर्ची, कॉफी.

"पाण्याची कड इतकी सरळ कशी काढलीत?"

"हात बसलाय माझा, इन्स्पेक्टर."

"मग खाली ही निळी रेघ कसली?"

त्यांनी कप बाजूला सारला. म्हणाले, "उगाच वाढवू नका. पाट्यावाल्याचं चित्र प्रदर्शनात कोण लावणार होतं?"

कोठडीत जाऊन पाट्या रंगवणाऱ्याला रेघेचा तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "दोरी मारली साहेब. एक टोक बायकोनं धरलं होतं."

तो सुटला, चित्रही परत मिळालं. पण कागदावर मी लिहिलं, 'फिर्यादीचा गैरसमज.' खोट्या फिर्यादीचा गुन्हा नोंदवला नाही. डायरीत रुळाचा उल्लेख नाही. त्या बंगलेवाल्याचा आजही संताप येतो. पण त्यानं नाव चोरलं, मी हात मोडला. माणसाचा धंदा बघून त्याची कुवत ठरवणारा अधिकारी चोरापेक्षा घातक, हे मला वर्दीत असताना कळलं होतं. बोलायची हिंमत वर्दी उतरल्यावर आली.

निवृत्तीनंतर त्याच्या घरी गेलो. अंगणात फळी मांडलेली. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, म्हणून तो डाव्या हातानं दोरी ताणत होता. दुसरं टोक बायकोनं धरलेलं. तिनं मला लगेच ओळखलं.

"आता काय न्यायला आलात?"

"काही नाही, अक्का," मी म्हणालो आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. "अण्णा, तुम्ही खरं बोलत होता आणि मी तुम्हाला मारलं. कळल्यावरही ते लपवलं. माझं चुकलं. मला माफ करा."