न पाहिलेली घरं

रियाधच्या अल सुलै भागातल्या आमच्या फ्रेमिंग वर्कशॉपमध्ये भुसा रोज झाडून निघतो, किस्से मात्र साचत जातात! त्यातले हे रोमन जॉबचे.

शहरातल्याच एका प्रदर्शनासाठी चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन छापील चित्रांना फ्रेमा करायच्या होत्या. रोमच्या जुन्या इमारती तेव्हाच पडलेल्या. चित्रकारांनी अवशेष बघून, अंदाजाने, अख्ख्या इमारती काढलेल्या.

आमचा मुख्य सुतार गुहागरचा दत्ताराम. बायकोने गावी घर बांधून पुरं केलं, पण त्याची सुट्टी कामापायी दोनदा पुढे गेलेली. बायको फोटोही पाठवेना. "येऊनच बघा!" म्हणायची. "हा जॉब संपला की नक्की जा," असं मीच त्याला सांगितलं होतं.

*

आमचे क्यूसी इंजिनिअर कुलकर्णी नाशिकचे. कागद दिसला की तपासणारच! एका चित्रातल्या इमारतीबद्दल त्यांनी प्रदर्शनवाल्या सौदी मॅडमना रीतसर क्वेरी पाठवली: "वरचा खांब खालच्या कमानीच्या मधोमध येतो. आर्किटेक्टने खुलासा करावा."

उत्तर आलं: "आर्किटेक्ट दोन हजार वर्षं संपर्कात नाहीत. फ्रेम करा."

कुलकर्णींनी ते फाइलला लावलं!

*

एकाच देवळाची दोन चित्रं आली. एकात घुमट, दुसऱ्यात सपाट छप्पर.

"साहेब, ड्रॉइंगची कुठली रिव्हिजन धरायची?" दत्तारामने विचारलं.

मॅडम तिथेच होत्या. मी दोघांचं बोलणं मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत करत होतो. त्या म्हणाल्या, "दोन्ही. दोघांनीही न पाहिलेलंच काढलंय."

"असं चालतं होय!" म्हणून दत्तारामने जेवणाच्या सुट्टीत पेन्सिल घेतली. बायकोने फोनवर सांगितलेलं सगळं घर काढलं. पडवी, चार खिडक्या, दाराशी दोन पोफळी.

मॅडमनी चित्र पाहिलं. "सुंदर! आतून कसं आहे?"

"माहीत नाही, मॅडम. अजून गेलो नाही."

मला फार लाज वाटली.

*

शेवटची फ्रेम गेली, त्याच आठवड्यात दत्तारामच्या सुट्टीचे कागद मी स्वतः करून आणले. उरलेल्या अक्रोडाच्या पट्टीत त्याचं चित्रही बसवून दिलं. काच फुटू नये म्हणून त्याने ते विमानात मांडीवर धरून नेलं.

पुढचं त्यानेच परत आल्यावर सांगितलं. बायकोने पडवीत बसून वर गुंडाळलेला कागद सोडला. चित्र उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं.

"छान आहे हो! कुणाचं घर?"