फैलकाचा मठ आणि सदाशिवचे अकरा दिवस

कुवेतमधल्या सालमियाच्या धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बेटावर पोचायच्या आत सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. सांगितलं नाही. तासभर समुद्राकडे बघत बसलो आणि शेजारी सदाशिव डबा मांडीवर धरून मला विचारत राहिला, "काय वो ब्रदर, बोट लागली काय?"

मी वसईचा. तरुणपणी चार वर्षं सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत काढली आणि सोडून दिली. नंतर एकोणीस वर्षं कुवेतमध्ये मीना अब्दुल्लाला एका कंत्राटदाराच्या कामगार कँपवर कँप-बॉस होतो. सेमिनरीमुळे कँपवर माझं नाव 'ब्रदर' पडलं. सदाशिव तिथला वेल्डर, राजापूरकडचा. आता तो कुवेतमधल्याच राई नावाच्या भागातल्या एका गॅरेजात आहे. गेली चौदा वर्षं तो सख्ख्या धाकट्या भावाशी बोलत नाही, आणि त्याचं कारण मी आहे. हे त्याला माहीत नव्हतं. ते सांगण्यासाठी मी निवृत्तीनंतर व्हिजिट व्हिसा काढून परत गेलो. बाकी सगळं निमित्त.

निमित्त मठाचं होतं. चर्चच्या मासिकासाठी फादरनी मला लेख मागितला होता: फैलका बेटावर जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत, तुम्ही जाताच आहात तर पवित्र जीवनाबद्दल काहीतरी लिहा. कुवेत शहराजवळ सलवाला भाचीकडे उतरलो होतो. तिची मुलगी टोस्ट खाताखाता म्हणाली, "अंकल, देअर इज नथिंग देअर. ओन्ली ब्रोकन हाउसेस."

मोडकी घरं आहेत खरी. फैलका (कुवेती लोक 'फैलचा' म्हणतात) एकेकाळी भरलेलं गाव होतं. इराकी फौजेने माणसं हाकलली, ती पुन्हा राहायला आली नाहीत. भिंतींवर गोळ्यांची भोकं तशीच. एका घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी चाळणीसारखी झालेली. धक्क्यावर आम्हाला दाऊदभाई भेटला, म्हसळ्याचा, बेटावर पाहुण्यांना व्हॅनमधून फिरवतो. सदाशिवचं बोलणं ऐकून त्याने लगेच ओळखलं.

"रत्नागिरीचे ना? मग तुम्हाला झुबेदी खिलवतो," तो म्हणाला. झुबेदी म्हणजे आपलं पापलेट.

"आमच्याकडं सरंगा म्हणतात त्याला," सदाशिव म्हणाला. "आनि तो आमी डब्यातनं आणलाय. तुमीच बसा आमच्यासंगती."

व्हॅनच्या सावलीत तिघांनी खबूस (तिथली जाड पोळी) आणि तळलेला सरंगा खाल्ला. दाऊदभाईने थर्मासमधून करक, म्हणजे आटवलेल्या दुधाचा कडक चहा ओतला. सदाशिव खुशीत होता. एवढ्या वर्षांत त्याने हे बेट पाहिलं नव्हतं. मी माझा तुकडा त्याच्या पुढ्यात सरकवला.

अल्-कुसूरचे अवशेष बेटाच्या मध्यावर आहेत. सपाट माळ, खुरटी झुडपं, लांबवर उंट. गुडघाभर उंचीच्या भिंती. मधे चर्चची चौकट, बाजूला जेवणघर आणि स्वयंपाकघर, आणि भोवती विखुरलेल्या लहान लहान खोल्या. बारा-तेराशे वर्षांपूर्वी, आसपास इस्लाम आल्यानंतरही, पूर्वेकडचे ख्रिस्ती संन्यासी इथे सिरियाक भाषेत प्रार्थना म्हणत, दळत, भाजत, मासे धरत. कुंपणापाशी उभं राहून दाऊदभाई म्हणाला, "काय सबर होती या लोकांची! ना बायको, ना पोरं, ना तंटा. एक घंटा वाजली की उठायचं, एक वाजली की जेवायचं. फरिश्ते होते, फरिश्ते."

माझं डोकं फिरलं. मी त्याला नको इतक्या चढ्या आवाजात म्हणालो, "फरिश्ते कसले? माणसं होती. घंटेवर उठवलेली माणसं."

"अरे, नाराज कशाला होता? मी तारीफच करतोय," असं म्हणून तो बिचारा व्हॅनकडे गेला.

ही तारीफ मी सेमिनरीत चार वर्षं ऐकली होती. युरोपातल्या मध्ययुगीन मठांचा इतिहास आम्हाला मध लावून शिकवत. दिवसातून सात वेळा प्रार्थना. जेवताना कुणी बोलायचं नाही, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी खाली बघून खायचं. स्वतःचं असं काही नाही, चाकूसुद्धा मठाधिपतीने दिलेला. घरून आलेलं पत्र आधी मठाधिपतीच्या हातात; द्यायचं की नाही ते तो ठरवणार. आम्ही भारावून ऐकायचो. काही मठांत आईबापांनी लहान मुलं दान म्हणून सोडलेली असत, त्या मुलांना कुणी विचारलं होतं, हा प्रश्न वर्गात एकानेही विचारला नाही. मीही नाही.

मग मी मीना अब्दुल्लाच्या कँपवर आलो आणि मला सगळं ओळखीचं वाटलं. एका खोलीत सहा पलंग. पाचला भोंगा. सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या ऑफिसच्या कपाटात. बायका-पोरं तिकडे, हे इकडे. मला ते वाईट वाटायला हवं होतं. मला ते शिस्तीचं वाटलं. मी मनातल्या मनात मठाधिपती झालो होतो.

सदाशिव एका खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. "ब्रदर, आमची खोली ह्याच्यापेक्षा बारीक होती, नाय?" तो हसला.

मी म्हणालो, "सदाशिव, तुझे वडील गेले त्याची बातमी मला त्याच दिवशी कळली होती."

तो हसतच राहिला. त्याला समजलंच नाही.

"तुझ्या भावाने, महादेवने सकाळी कँपच्या ऑफिसात फोन केला होता. तो खरं बोलत होता. मीच त्याला सांगितलं की सदाशिव उंचावर काम करतोय, फोनवर ऐकलं तर हात सुटेल. म्हटलं, तू सदाशिवला फोन करू नकोस, मी त्याला बसवून सांगतो. त्याने ऐकलं. तुला मी अकराव्या दिवशी सांगितलं. सांगितलं की आत्ताच निरोप आला, घरच्यांनीच उशीर केला."

"मॅनेजरनं थांबवलं आसंल तुमाला," तो म्हणाला. मला वाट काढून देत होता. अजूनही!

"मॅनेजरला मी विचारलंच नाही. रिफायनरीचं शटडाऊन चालू होतं, दुरुस्तीचे दिवस मोजलेले. तू गेला असतास तर टाकीचं काम मागे पडलं असतं. ते वेळेत संपलं की माझं नाव वर जाणार होतं. विचारलं असतं तर कदाचित सोडलं असतं तुला."

वारा होता. मी थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण अर्धंमुर्धं सांगायला मी समुद्र ओलांडून आलो नव्हतो. काही कडक मठांत, असं आम्हाला शिकवलं होतं, संन्याशाचा बाप वारला तर मठाधिपती सगळ्यांसमोर एवढंच सांगे की तुमच्यातल्या एका भावाचे वडील गेले. नाव नाही. म्हणजे सगळेच प्रार्थना करतील आणि कुणाचं मन घराकडे ओढणार नाही. मला ते फार थोर वाटलेलं. महादेवच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी कामाआधीच्या हजेरीला मी तेच केलं, हेही मी त्याला सांगितलं.

"दोन मिनिटं उभे केलेलात आमाला," सदाशिव हळू म्हणाला.

"हो."

"एका भावाचा बाप गेला, नाव इचारू नका, म्हनालात."

"हो."

"मी दुसऱ्या रांगेत होतो. बाजूच्याला म्हटलेला, बरा झाला, बूट सैल करायला गावले." त्याने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "शुक्रवारी कोंबडी होती. सुतकात मी कोंबडी खाल्ली. तुमी वाढलीत. दोनदा वाढलीत."

दर शुक्रवारी मी स्वतः पंगतीत वाढायचो. तेही मठाधिपती करतात असं वाचलं होतं.

तो उठला. मला वाटलं मारेल. "गावी गेलो तवा म्हादू शपथा घेत होता. आईची घेतलीन. मी चार मानसांत त्याच्या कानफटात मारली. मीच म्हटला, ब्रदर खोटा बोलनार नाय, देवाचा मानूस तो. आई गेली तवा त्या टोकाला तो, ह्या टोकाला मी. आनि तुमी काय करत होताव चौदा वर्सं?"

मी खरं ते सांगितलं. मी दर वर्षी कन्फेशनला, म्हणजे पापाची कबुली द्यायला जायचो, फादरना सांगायचो. ते तीन नमो मरिया म्हणायला लावायचे आणि क्षमा द्यायचे.

"तेंचा बाप गेलेला काय?" सदाशिव ओरडला. "ते कशी देनार क्षमा? लावा फोन. तुमच्या फोनावरनं लावा, माझा तो उचलनार नाय."

त्याने नंबर पाठ सांगितला. चौदा वर्षं न लावलेला नंबर. महादेवने उचलला. मी नाव सांगितलं आणि जे घडलं ते उभ्याउभ्या सांगितलं. पलीकडे गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग तो म्हणाला, "मी हात जोडले होते तुमाला फोनवर. तुमाला दिसले नसतील." आणि मग, "दादा हाय काय तितं?"

सदाशिवने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "म्हादू," एवढं म्हणाला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. मी व्हॅनकडे चालत गेलो.

परतीच्या लाँचमध्ये तो माझ्यापासून लांब, पुढच्या टोकाला बसला. धक्क्यावर उतरून बसस्टॉपकडे निघून गेला. मागे वळला नाही, आणि मी हाक मारली नाही.

वसईला परत येऊन काही महिने झाले. फादर लेखाची आठवण करतात. त्यांना जेवणघर, घंटा, मौन हवं आहे. मला त्या मौनाचा राग येतो, आणि ते दुसऱ्यावर लादून स्वतःला सोवळं समजणाऱ्या माझा त्याहून जास्त. मठातल्यांनी निदान व्रत स्वतः घेतलं होतं, निदान काहींनी. माझ्या कँपातल्या माणसांनी कसलंच व्रत घेतलं नव्हतं. फादरना हवा तो लेख माझ्याने होणार नाही. जो झाला तो हा घ्या.

मी महादेवला पत्र लिहिलं होतं की गावी येऊन तुमच्या आईवडिलांच्या फोटोसमोर माफी मागायची आहे. परवा त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, घाई होती, मागे भांड्यांचा आवाज.

"म्हाळाला (पितृपक्षातल्या श्राद्धाला) दादा येतोय. बाबांचं पान ह्या वेळी तोच ठेवनार."

"बरं झालं," मी म्हणालो. "मी त्याच्या आदल्या दिवशी पोचेन."

"नाय, ब्रदर," तो म्हणाला. "ताच सांगायला फोन केला. तुमी येऊ नका."